बेंबीतले किडे

आमच्या सक्करदरा वस्तीत दुर्बिणीबाबाच्या दारी सकाळपासून रांग असे. हा बाबा पोटातली करणी चक्क सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली दाखवी. आदल्या रात्री त्याचं पिवळं मलम बेंबीत भरून निजायचं. पोट दुखलं की आपण बेंबीत हिंग घालतोच, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. सकाळी बाबा बेंबीतलं मलम खरवडून काचेवर ठेवी, तीर्थाचा थेंब सोडी आणि म्हणे, "देखो, करनी बाहर आ रही है." दुर्बिणीखाली किडे फुटत, लांबत, वळवळत. मग मंत्र सुरू होई आणि हळूहळू किडे वेटोळी घालून गोळे होत. करणी मेली म्हणे!

आमच्या शेजारच्या चंद्रभानची शामला क्षयाने आजारी होती. करणी मेली, आता गोळ्या बंद, असं बाबाने फर्मावलं आणि बापाने दवाखाना सोडला. महिन्याभरात पोर रक्त ओकू लागली. माझं डोकंच फिरलं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मावसबहिणीला, अरुंधतीला, मी दुर्बिणीसकट बोलावलं.

चंद्रभान ऐकेना. "म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं, बाई. किडे वळवळून राहिले होते."

अरुंधतीने शामलाचं उरलेलं मलम पळीत चांगलं कढवलं, निववलं, काचेवर घेतलं आणि नळाचं पाणी सोडलं. अंगणात गल्ली जमली होती. एकेकाने दुर्बिणीला डोळा लावला. किडे निघाले.

"जिवंत असते तर पळीतच मेले असते," ती म्हणाली. "आता मंत्र न म्हणता बघत बसा."

किडे आपसूक वळले, गोळे झाले. मग तिने घरून करून आणलेला दुसरा लगदा लावला. तेच किडे, तेच गोळे.

तिने समजावलं ते असं: या चरबट पदार्थाच्या कणाचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, दुसरं पाण्यापासून पळतं. पाणी लागताच कण आपोआप थर लावतात, थरांच्या नळ्या वाढतात. पाणी आणखी मुरलं की नळ्या वळून गोळे होतात.

"पण हे केलं कशाचं?" कोणीतरी विचारलं.

"उकडलेल्या अंड्याचा बलक स्पिरिटमध्ये घोळायचा, गाळायचा आणि वाळवायचा."

दोघं-तिघं तडक बाबाच्या घरी शोधायला गेले. न्हाणीमागे अंड्यांच्या टरफलांचा ढीग सापडला, तशी गल्ली पेटली.

"सोमवारच्या उपासाले बेंबीत अंडं लावलं आमाले!"

लोक काठ्या घेऊन धावले ते अंड्यापायी. शामलाच्या रक्ताबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मला किळस आली ती याची.

चंद्रभान तेवढा मान खाली घालून पोरीला रिक्षात बसवत होता. दवाखान्याकडे निघालो तेव्हा मागे नळावर लोक साबणाने बेंब्या घासत होते.

अरे, घासायची तर अक्कल घासा. मंत्र म्हटला नाही तर काय होतं, एवढं विचारायला कॉलेज लागत नाही. ते कुणी वेळेवर विचारलं असतं, तर त्या पोरीच्या गोळ्या एक दिवसही चुकल्या नसत्या.