नुसता फोटो

ग्रुपवर टाकलं की काम झालं, असं आमच्या साहेबांना वाटतं. खरं सांगू? मलाही हल्ली तसंच वाटायला लागलं होतं. मी शेती खात्यातली, शेतकऱ्यांना सल्ला देणारी. एवढी गावं पायाखाली घालायची म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. त्यापेक्षा फोटो काढायचा, पाठोपाठ दोन शब्द बोलून पाठवायचे, मोकळं व्हायचं.

परवाही तेच केलं. बाजारात तणनाशकाची नवी बाटली आली होती. दिसायला थेट किडीच्या औषधासारखी, तेच हिरवं झाकण, तसाच कागद. मी तिचा फोटो टाकला आणि आवाजात सांगितलं, "ही बाटली मिरचीवर मारू नका हं, रोपं जळून जातील." ग्रुपभर अंगठे आले. मी खूश!

आज औषधाच्या दुकानात सहज डोकावले, तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुमचा फोटो जोरात चाललाय. मिरचीवाले सगळे तीच बाटली मागतायत."

मी त्याच्या हातातला मोबाइल ओढूनच घेतला. फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेला होता, माझा आवाज मागेच राहिला होता. खाली कुणा दीडशहाण्याने लिहिलं होतं, 'मॅडमनी पाठवलंय.'

"अहो, हे तण मारायचं औषध! तुम्ही तरी सांगायचं!"

"सांगितलं की म्हणतात, तू काय मॅडमपेक्षा जास्त शिकलास? तुमच्या ताईसुद्धा सकाळी घेऊन गेल्या."

ताई! भावजी गेल्यापासून एकटी शेत ओढतेय, आणि यंदा सगळं रान मिरचीला दिलंय तिने.

"घेऊन गेलेल्या एकूण एकाला फोन लावा, आत्ताच्या आत्ता," असं दुकानदाराला ओरडून सांगत मी गाडीला किक मारली. वाटेत थांबून थांबून ताईला फोन लावत होते. रिंग जात होती. उचल गं बाई, उचल! पण ती कशी उचलणार? पंप पाठीवर घेतला की ती मोबाइल घरात ठेवते, औषधाने खराब होतो म्हणून. ही अक्कलही मीच शिकवलेली. समोर एक ट्रॅक्टर रमतगमत चालला होता, त्याला मी काय काय बोलले ते इथे सांगता येणार नाही.

बांधावर गाडी टाकून धावत सुटले. ताई शेवटच्या ओळीत होती.

"ताई, थांब! मोटर चालू कर, पाणी सोड!"

तिने पंप उतरवला. मी धापा टाकत सगळं सांगितलं. ती मोटरीकडे पळाली. आम्ही दोघी पाइप धरून रोपं धुवायला लागलो. पण सकाळी फवारलेल्या ओळी केव्हाच माना टाकून बसल्या होत्या.

मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी भांडते. "बाटलीवर एवढं मोठं लिहिलंय, वाचलं नाहीस? दरवेळी तर अक्षर न् अक्षर वाचून दुकानदाराचं डोकं खातेस!"

ताईने पाइप पुढच्या रोपाकडे वळवला.

"दुसऱ्या कुणी पाठवलं असतं तर वाचलं असतं," ती म्हणाली. "तू पाठवलंस, म्हणून नाही वाचलं."