उजवा रेणू

मालाची शुद्धता तपासणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर पुन्हा दोन शिखरं उमटली. पहिलं उंच, हवं तसं. त्याच्या बाजूला दुसरं, जे दिसायलाच नको होतं.

"गेला. हाही माल घाण निघाला," ती म्हणाली.

या कारखान्यात लहान मुलांच्या एका दुर्मीळ आकडीवरचं औषध बनायचं आणि त्याची सगळी रसायनं तिच्या हाताखाली होती. या औषधाचा रेणू दोन प्रकारे घडू शकतो. घटक तेच, पण एका जोडातल्या डाव्या-उजव्या चपलांसारखा फरक. डावा आकडी थांबवतो, उजवा दृष्टी घालवतो. म्हणून बंद रिॲक्टरमध्ये दाबाखाली हायड्रोजन सोडताना चिमूटभर उत्प्रेरक घालतात. महागड्या धातूला बिलगून बसलेला एक वाकडातिकडा रेणू हायड्रोजनला एकाच बाजूने शिरू देतो, आणि सगळा माल डावाच निघतो. आजवर हे बिनबोभाट चाललं होतं. आता उजवा डोकं वर काढत होता.

गाळून, पुन्हा स्फटिक करून पाहिलं. दोन्ही रेणू एकाच स्फटिकात गळ्यात गळे घालून बसले होते. वेगळे होईनात.

"दवाखान्यांचे फोन थांबत नाहीयेत," व्यवस्थापक दारात उभे राहून म्हणाले. "उजव्याचं थोडं प्रमाण वाढलंय, एवढंच ना? औषध खात्याकडून सवलत मागून बघू का?"

"मुलांच्या डोळ्यांची सवलत कोण देणार, साहेब?"

साहेब मागे फिरले. त्यांनाही माहीत होतं की तिच्या धाकट्या भावाची मुलगी ठमी याच औषधावर जगत होती आणि भावाच्या घरातली गोळ्यांची बाटली संपली होती.

दुसऱ्या दिवशी भाऊ फाटकाशी आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली.

"ताई, ते बिघडलेलं दे मला."

"आंधळी होईल रे ती."

"होऊ दे आंधळी! जीव तर राहील ना? सकाळी माझ्या मांडीवर निळी पडली ती. तू तिथे नव्हतीस." त्याने तिचं मनगट घट्ट धरलं. "तुझ्या पोटची असती तर दिलं असतंस."

मनगट सोडवून ती आत गेली. कपाटाची किल्ली तिच्याकडेच होती. नमुन्याची बरणी तिने उचलली, ॲप्रनच्या खिशात घातली आणि फाटकाच्या दिशेने निम्म्या वाटेपर्यंत आलीसुद्धा. मग पाय अडले. ती वळली आणि यंत्रं सांभाळणाऱ्या नानांपुढे बरणी धरली.

"नाना, हे आत्ताच्या आत्ता टाकाऊ पिंपात ओता. माझ्याजवळ राहिलं तर मी देऊन टाकीन."

नानांनी बरणी घेतली. झाकण उघडून पिंपात रिकामी केली. पांढरी भुकटी काळ्या चिखलात पुरती मिसळेपर्यंत ती तिथून हलली नाही. फाटकापर्यंत जायचं धैर्य तिच्यात उरलं नव्हतं. वॉचमनकडून निरोप धाडला, नाही म्हणून.

मग ती आणि नाना कामाला भिडले. तोच कच्चा माल, तोच उत्प्रेरक, तोच हायड्रोजन तिने प्रयोगशाळेतल्या छोट्या भांड्यात वापरून पाहिला. एकच शिखर! म्हणजे दोष मालात नव्हता, मोठ्या रिॲक्टरमध्ये होता.

"पण मी दाब भरून तपासलाय हो," नाना वैतागले. "सुईच्या टोकाएवढीही गळती नाही. काटा हलला नाही."

"दाब भरल्यावर बाहेर गळत नाही," ती थबकली. "पण हायड्रोजन सोडण्याआधी आपण व्हॅक्यूम ओढतो, आतली हवा काढून टाकतो. तेव्हा बाहेरची हवा आत येत असेल तर?"

नानांनी व्हॅक्यूम लावला. काटा हळूहळू सरकू लागला. ढवळणीच्या दांड्याभोवतीचं रबरी सील दाबाखाली घट्ट बसायचं, पण व्हॅक्यूम ओढला की त्याची कड आत दुमडायची. तिथून हवा शिरून उत्प्रेरकाचा रेणू खराब करत होती. उघडा पडलेला धातू मग हायड्रोजनला कुठूनही वाट देत होता.

"एवढ्याशा रबरासाठी!" नानांनी पाना उचलला.

नवं सील बसलं. पुढचा माल स्वच्छ निघाला. पण गोळ्या व्हायच्या, तपासण्या व्हायच्या, त्याआधी कुणाच्याही हाती पडायच्या नव्हत्या. तोवर ठमीला दवाखान्यात झोपेच्या औषधाखाली ठेवलं होतं. पहिल्या बाटल्या बाहेर पडल्या त्या गंभीर मुलांकडे गेल्या. त्यांत ठमीही होती, पण तिच्या आधी दोघं होती, आणि त्यांच्याहून पुढे तिला घुसवण्यासाठी आत्याने एक शब्दही काढला नाही.

आकडी थांबली. ठमी जागी झाली. डोळे स्वच्छ होते, खिडकीतल्या कबुतरामागे फिरत होते. आकड्यांच्या माऱ्याने उजवा पाय मात्र ओढला जात होता आणि शब्द तोंडाशी येऊन अडत होते. डॉक्टर म्हणाले, काही परत येईल, किती ते सांगता येणार नाही.

आत्या भेटायला आली तेव्हा वहिनीने स्टूल पुढे केलं. भाऊ भिंतीला टेकून उभा होता.

"तेव्हा दिलं असतंस तर पाय राहिला असता?" त्याने विचारलं.

"राहिला असता कदाचित."

"आणि डोळे?"

"ते गेले असते. नक्की नाही, पण बहुतेक."

त्याने ठमीच्या पायावर चादर ओढली. "मला तुझा राग जात नाहीये, ताई."

"नको जाऊ देऊस."

ठमीने पाणी मागण्यासाठी हात पुढे केला. पेला दोघा भावंडांनी एकदमच उचलला, पाणी चादरीवर सांडलं, आणि भाऊ तिथेच, सगळ्यांदेखत, ओक्साबोक्शी रडू लागला.