मुखपृष्ठावरचा नवरा

नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घ्यायचं नाही, अशी माझ्या सासूबाईंची शिस्त होती आणि ती मी बरीच वर्षं पाळली. पण यंदा पालिकेने आमच्या वॉर्डाच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर ह्यांचा फोटो छापला, खाली ठळक अक्षरांत नाव घातलं, तेव्हापासून मीही सरळ गुणाजी म्हणते. सगळ्या लालबागने वाचल्यावर मी एकटीनेच कशाला लाजायचं?

फोटो चांगला आला होता, खोटं कशाला बोलू. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन्ही हातांनी कमरेएवढ्या उंच स्टीलच्या दांड्या धरलेल्या, आणि शेजारी फिजिओथेरपीवाली श्रेया हसत उभी. खाली ओळ होती: 'पालिकेच्या उपचार केंद्राचे लाभार्थी श्री. गुणाजी परब आज विनाआधार चालतात.'

ती ओळ मी वाचली तेव्हा हे विनाआधार चालणारे गृहस्थ पलंगाच्या कडेला बसले होते आणि मी त्यांना मोरीपर्यंत न्यायला पदर खोचत होते.

गेल्या वर्षी होळीच्या सुमाराला त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा पाय लुळा पडला आणि बोलणं तुटलं. मनात शब्द असायचा, तोंडात यायचा नाही. चहा मागायचा तर 'च' म्हणून अडायचे आणि मग रागाने कप ढकलायचे. आयुष्यभर फोर्टातल्या एका ऑफिसात लिफ्ट चालवलेला, दिवसभर शंभर जणांशी बोलणारा माणूस हा.

आम्ही कोकणातले. गणपती बसला की सगळ्यांच्या वतीने एकाने देवापुढे गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे काय हवं-नको ते मोठ्याने मागायचं, आणि बाकीच्यांनी दर मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची, ही आमची रीत. आमच्या चाळीत हा मान गुणाजींचा. गाऱ्हाणं ते उभं राहूनच घालत. गेल्या गणपतीला ते उठू शकले नाहीत. शेजारच्या लवूने गाऱ्हाणं कसंबसं उरकलं आणि गुणाजी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या दिवशी मी ठरवलं, पुढच्या गणपतीला हा माणूस आपल्या पायांवर उभा राहिला पाहिजे. बाकी माझं देवाकडे काही मागणं नाही.

म्हणून चाळीसमोरच्या पालिकेच्या दवाखान्यात उपचार केंद्र निघालं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. उद्घाटनाला पेशंट हवा होता, आम्हाला बोलावलं. श्रेयाने गुणाजींच्या कमरेला पट्टा बांधला, त्यांनी दांड्या धरल्या आणि पाऊल टाकलं. मग दुसरं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. फोटो निघाले, पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर दाराला कुलूप.

वॉर्डाचं आरोग्य खातं बघतात ते रांगणेकर साहेब. राहायला शिवाजी पार्कला, बोलायला गोड. म्हणाले, "मावशी, केंद्रासाठी पदांची मंजुरी यायची आहे. प्रक्रिया सुरू आहे." मी पुन्हा गेले, प्रक्रिया सुरूच होती. किती वेळा गेले ते विचारू नका. तिथला शिपाई माझ्याकडून आंबोशीच्या लोणच्याची कृती शिकला, इतक्या वेळा गेले. मधल्या काळात श्रेयाला त्याच ऑफिसात टपालाच्या टेबलावर बसवलं होतं. माणसांना चालायला शिकवणारी पोरगी पाकिटांना डिंक लावत होती. मला बघितलं की मान खाली घालायची.

आणि आता हे आमंत्रण. अहवालाचं प्रकाशन, मोठे पाहुणे येणार, आणि लाभार्थी गुणाजी परब यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार.

"जाऊंचा नाय," मी म्हटलं. "ह्यांच्या कागदी घोड्यावर माझो नवरो बसवतत काय?"

लवू दारातच उभा होता. "वहिनी, शाल गावता ती सोडतंस कित्याक?"

"थंडी वाजली तर तू घे शाल."

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. "जा... जा..." गुणाजींची मान ताठ झाली होती. "जा... यचा."

मला त्यांचा राग आला. वाटलं, माणूस आजाराने इतका पिचला की खोट्या कौतुकालाही भुलला. तरी मी पांढरा शर्ट काढला, इस्त्री केली. इस्त्री करताना डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही मला राग आला.

हॉल आमच्याच गल्लीच्या टोकाला, दवाखान्याला लागून. ह्यांचा एक हात माझ्या खांद्यावर, एक लवूच्या, असं करत आम्ही पोचलो आणि पहिल्या रांगेत बसलो. मागे सगळी ओळखीची तोंडं होती. पालिकेने गर्दीसाठी आमच्याच चाळींना बोलावलं होतं. खुर्चीखुर्चीवर अहवाल ठेवलेले, त्यामुळे जिकडे बघावं तिकडे माझाच नवरा. रांगणेकर साहेबांनी वर्षभराचं वाचून दाखवलं: एवढे पेशंट तपासले, एवढे डोस दिले, एवढी गटारं उपसली. त्यातली गटारं खरी होती, मी पाहिली होती. पालिका काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. म्हणूनच तर जास्त चीड येते. करता येतं आणि तरी करत नाहीत.

मग नाव पुकारलं. स्टेजला चढायला बाजूने लाकडी पायऱ्या होत्या, कठड्याच्या. दोन कर्मचारी खुर्ची घेऊन धावत आले, ह्यांना उचलून वर न्यायला.

"नाय," गुणाजी म्हणाले. हा शब्द मात्र स्वच्छ आला.

ते माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले, पायऱ्यांपाशी आले आणि माझा हात काढून टाकला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्यांना शाल नको होती. लिहिलंय ना चालतो, मग बघा आता मी कसा चालतो ते, एवढंच ह्यांना दाखवायचं होतं. आणि मी वेडी घरी बसून ह्यांची कीव करत होते.

कठडा धरून त्यांनी डावा पाय वर ठेवला. मग उजवा ओढायला लागले. चप्पल पायरीच्या कडेला अडकली. सुटली. पुन्हा अडकली. कर्मचारी पुढे झाले तशी मी आडवी आले.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "अहवालात विनाआधार लिहिलंय."

रांगणेकर साहेब वरून वाकून हळू आवाजात बोलले. "मावशी, आपण खालीच येऊन सत्कार करू या. पाहुण्यांना पुढे माहीमला कार्यक्रम आहे."

"माहीम कुठे पळून जातंय, साहेब? पाहुण्यांना बसू द्या. तुम्ही छापलंत, आता बघा तरी."

पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. गुणाजींची पाठ घामाने भिजून शर्ट चिकटला होता. पहिल्या पायरीवर दोन्ही पाय आले. दुसरीवर डावा पोचला, उजवा गुडघ्यात मुडपला आणि ते खाली बसले. पडले नाहीत, बसले. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

रांगणेकर साहेबांनी लगेच माइक धरला. "परब काकांच्या जिद्दीला सलाम. टाळ्या होऊ द्यात. आता आपण पुढच्या..."

"बा देवा म्हाराजा..."

आवाज पायरीवरून आला होता. मी वळून बघितलं. गुणाजींनी हात जोडले होते, डोळे मिटले होते आणि त्यांच्या तोंडून शब्द येत होते. चहा मागता येत नव्हता त्या तोंडून. श्रेयाने उद्घाटनाच्या दिवशी मला सांगितलं होतं, वर्षानुवर्षं घोटलेलं बोलणं कधी कधी टिकून राहतं, तेवढं येतं. मी तेव्हा मान हलवून सोडून दिलं होतं.

"बा देवा म्हाराजा... आज हय तुझी लेकरा जमली हत म्हाराजा..."

मागून लवूचा फाटका आवाज आला. "व्हय म्हाराजा!"

"त्येंका... त्येंका..." गुणाजी अडले. पुढे नेहमीचं नव्हतं. पुढचं त्यांना स्वतःचं मागायचं होतं आणि ते येत नव्हतं. ओठ हलले, मान थरथरली. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

बाईने गाऱ्हाणं घातलेलं आमच्याकडे कोणी ऐकलेलं नाही. मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले आणि हात जोडले.

"दवाखान्याक कुलूप घातला हा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" आता अर्धा हॉल होता.

"जेंच्या हातात किल्ली आसा तेंका सुबुद्धी दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"जा छापला हा ता खरा करून घी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" मागच्या दाराशी चहा वाटणारेही ओरडले. स्टेजवर पाहुण्यांनी सवयीने हात जोडले होते; तेही मूळचे तिकडचेच, आडनावावरून कळत होतं. रांगणेकर साहेब माइक हातात धरून उभे होते आणि त्यांना कुठे बघावं ते कळत नव्हतं.

तेव्हा कर्मचाऱ्यांच्या रांगेतून श्रेया उठली. "सर, किल्ली तुमच्या बॅगेत आहे. पाहुण्यांना केंद्र दाखवावं लागलं तर असू दे म्हणून सकाळी माझ्याकडून घेतलीत. मी आत्ता उघडते."

"श्रेया, मंजुरीशिवाय तुला..."

"मला पेशंटना चालवायला येतं, सर. पाकिटं कोणीही चिकटवेल."

पाहुणे हुशार. वारा येईल तशी पाठ द्यावी हे त्यांना ठाऊक, त्यांनी माइकच मागून घेतला. "उघडा की मग, अडचण काय आहे? मी तर म्हणतो, आजच." टाळ्या पडल्या. जणू त्यांनीच मागणी केली होती. मी टाळी वाजवली नाही. ज्याने त्याने आपली पोळी भाजून घ्यावी, मला फक्त दार उघडं हवं होतं.

किल्लीला उद्घाटनाची निळी रिबीन अजून तशीच बांधलेली होती. हॉलपासून दवाखान्यापर्यंत गुणाजी आमच्या खांद्यांवर चालले, आणि फुटपाथ अरुंद असल्यामुळे रांगणेकर साहेबांना आणि त्यांच्या सगळ्या ऑफिसला ह्यांच्या मागून, ह्यांच्याच चालीने यावं लागलं. पुढे जायला कोणी वाट मागितली नाही. पाहुणे मात्र गाडीत बसून माहीमला गेले, फोटोवाल्याला घेऊन.

आत धूळ होती. दांड्यांवर प्लास्टिक गुंडाळलेलं होतं. श्रेयाने ते टराटरा फाडलं, ओढणी कमरेला बांधली आणि गुणाजींना पट्टा लावला. त्यांनी दांड्या धरल्या. एक पाऊल. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं. टोकाला पोचायला त्यांना इतका वेळ लागला की दारातल्या बायका आत येऊन बाकावर बसल्या आणि आपापले गुडघे चोळायला लागल्या. लालबागमध्ये गुडघा दुखत नाही अशी बाई कुठे आहे?

टोकाला पोचून गुणाजी श्रेयाकडे बघून म्हणाले, "परत."

मी दाराबाहेर आले. रडायचं होतं, ते सगळ्यांसमोर नको होतं. कडीला कुलूप उघडं लोंबकळत होतं, भलं थोरलं, पितळी. मी ते काढलं आणि पिशवीत टाकलं. पिशवीत हॉलमधून निघताना हातात कोंबलेला सत्काराचा नारळ होता. शाल लवूने घेतली होती.

संध्याकाळी रांगणेकर साहेब आले. चेहऱ्यावर परत तोच गोडवा. "मावशी, आज झालं तेवढं छान झालं. आता बंद करून घेऊ. मंजुरी आली की रीतसर सुरू करू." मग त्यांनी कडी चाचपली, खाली वाकून बघितलं, बाकाखाली बघितलं. "इथलं कुलूप कुठे गेलं?"

"शोधतोय, साहेब," मी म्हटलं. "प्रक्रिया सुरू आहे."

त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. पिशवीत हात घालायची हिंमत त्यांना झाली नाही आणि ते बरंच झालं, कारण आत नारळही होता.

तेव्हापासून केंद्र उघडं आहे. दवाखान्याला रात्रीचा वॉचमन आहेच, त्यामुळे चोरीची भीती नाही. पाहुण्यांनी माइकवरून उघडा म्हटल्यामुळे श्रेयालाही कोणी टपालाच्या टेबलावर परत बोलावत नाही; ती सकाळी येते, गुणाजी तिच्याआधी जाऊन बाकावर बसलेले असतात. ह्यांना अजून चहा मागता येत नाही, पण परवा दांड्या सोडून ते उभे राहिले, श्रेया टाळी वाजवेपर्यंत. गणपतीला अजून वेळ आहे. आणि साहेबांना केंद्र बंद करायचंच असेल तर नवीन कुलूप आणावं लागेल. त्याला मंजुरी लागते, आणि मंजुरीला किती दिवस लागतात ते मला चांगलं ठाऊक आहे.