हॅनिबलची न्याहारी

वल्लरी चिडली की प्लेनो शहरातल्या तीन गल्ल्यांतल्या गाड्यांचे अलार्म आपोआप कोकलतात. त्या सकाळी तर अग्निशमनवाले यायचेच बाकी होते.

दहाला तिच्या पीएचडीचा डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा. आणि आईनं, सरलानं, सकाळी जाहीर केलं, "आज संकष्टी. गणपतीला नवस बोललेय मी. उपवास धर."

"फास्ट? टुडे?" वल्लरीनं लॅपटॉपची बॅग आपटली. "पाच वर्षं मी कोणावर लिहितेय, ठाऊक आहे का तुला?"

"त्या हत्तीवाल्यावर ना?"

हत्तीवाला! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "रोमनांशी ती लढाई हत्तींमुळे नाही गं जिंकला तो! हॅनिबलनं कडाक्याच्या थंडीत पहाटे सैनिकांना पोटभर खायला घातलं, शेकोटीपाशी अंगाला तेल चोळायला लावलं. मग घोडेस्वार पाठवून रोमनांना डिवचलं. त्यांचा सेनापती असा भडकला, की उपाशी सैन्य बर्फगार नदीत घातलं. हरले! अँड यू वॉन्ट मी टू गो हंग्री!"

धाडकन दार लावून ती गाडीत बसली. रिव्हर्स टाकते, तर कॅमेऱ्यात आई. गाउनवर ओढणी, हातात डबा.

"मूव्ह, आई!"

"उपाशी राहा म्हटलं का मी? उपवास कर म्हटलं! साबुदाण्याची खिचडी आहे, रताळ्याचा कीस आहे, भगर-आमटी आहे. तुझ्या रोजच्या टोस्टच्या चौपट!"

वल्लरीनं डबा हिसकावला. "मग आधी सांगायचं ना!"

"ऐकतेस कधी? निघालीस भडकून, त्या रोमनासारखी."

हे मात्र झोंबलं. रागारागानं तिनं तिथंच, ड्राइव्हवेत, अख्खा डबा फस्त केला.

डिफेन्सला कमिटीतल्या एका प्रोफेसरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "सो, युवर ग्रेट जनरल वॉज अ कुक?"

सगळे हसले. वल्लरीच्या कपाळाची शीर तडतडली. पण पोटात साबुदाणा असा ठाण मांडून बसला होता, की रागाला वर यायला वाटच मिळेना. ती पुढची स्लाइड लावत गेली. प्रोफेसरांनी आणखी तीनदा डिवचलं. तिनं तीनदा पुरावा दाखवला. शेवटी प्रोफेसरच भडकले, टेबलावर मूठ आपटली आणि रागाच्या भरात दुसऱ्याच लढाईचं वर्णन या लढाईत घुसवून बसले. वल्लरीनं अगदी गोड आवाजात त्यांना त्या दुसऱ्या लढाईचं साल सांगितलं.

ती पास झाली, कमिटीच्या सह्या झाल्या. त्या प्रोफेसरांची सर्वांत शेवटी. पेन इतकं दाबलं, की कागद फाटून नाव टेबलावर कोरलं गेलं. अजून पुसलं जात नाही म्हणतात.