कौसल्याबाईच्या कूलरात बुडी

नवतपा चालू होता, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. कळमेश्वरात त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. उन्हानं कारखान्याचे पत्रे असे कडकड वाजत होते, की वर कोणी चालतंय असंच वाटावं. अशा दुपारी मला खोक्यातून बाहेर काढलं.

मी समुद्रात टांगायचा एक तापमापक, नळीसारखा. स्टीलचा, हातभर लांब. पाणी किती तापलं ते टिपून पोटात ठेवायचं, एवढंच माझं काम. जन्म मात्र इथला, याच कारखान्यातल्या लेथवरचा. देवरावनं मला घडवलं. याच गावची दीप्ती समुद्राचा अभ्यास करते, तिनं मला कोकणाच्या किनाऱ्यापासून दूर नेऊन दोरीला बांधून खाली सोडलं. आम्ही तिघं होतो त्या दोरीला. दोघांना मासेमारीचं जाळं ओढून घेऊन गेलं. मी राहिलो. वर आलो तेव्हा अंगभर पांढरे शिंपले चिकटलेले.

समुद्रात राहून माझा स्वभाव संशयी झाला बघा. तिथं जवळ येणारा एक तर चिकटायला येतो, नाही तर चाटून बघायला. त्यामुळे देवरावचा हात लागला तरी मी सावधच होतो.

देवरावनं समुद्र कधी पाहिला नव्हता. माझ्या अंगावरच्या पांढऱ्या थराकडे बघून म्हणाला, "हा तं कूलरचा खार हाय!" आणि कूलर धुवायची अ‍ॅसिडची बाटली घेऊन आला. घाण वास सुटला होता, तो बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं दार लावलं.

झालं. समोर चहाचं दुकान चालवणारी कौसल्याबाई खिडकीशी येऊन उभी.

"दार काहून लावलं गा, देवरावभाऊ? शिंपल्यात मोती निघाले वाटते!"

"वास मारून राहिला वं, म्हणून लावलं."

"हो हो. मोत्याले वास येतेच."

मलाही वाटलं, हिचं खरं असेल. बाटली तिरपी झाली, आणि तेवढ्यात दीप्ती आत आली.

"काका, थांबा! हे शिंपले धुतले तं मले काहीच समजणार नाही. आहे तसाच पाहिजे."

बाटली खाली ठेवली. देवरावनं माझं झाकण भिंतीकडे केलं आणि स्वतः बाजूला झाला. "सरक, पोरी. पोटात पाणी शिरलं असन तं झाकण गोळीवानी सुटते. याचा भरवसा नाही."

ज्यानं घडवलं तोच असं म्हणाला. वाईट वाटलं. पण खरं सांगू, मीही त्याच्या हाताकडेच बघत होतो.

झाकण उघडलं, तर पोट कोरडं निघालं. दीप्तीनं वायर जोडली. लॅपटॉपवर तापमानाची रेघ सरळ चालली, मग चढली, चढतच गेली. दीप्तीचं तोंड उतरलं.

"इतकं नाही तापत पाणी. शिंपल्यांनी याले बिघडवलं असन. अन् ताडून पाहाले ते दोघंही नाही. वर्ष वाया गेलं, काका."

ते गरम पाणी मी अंगावर सोसलं होतं. मासे निघून गेलेले पाहिले होते. पण सांगू कसं?

शेवटी तिनं बॅगेतला भरवशाचा थर्मामीटर काढला. आमचे आकडे जुळतात का ते बघायला मला आणि त्याला एकाच फिरत्या पाण्यात बुडवायचं होतं. देवरावच्या कूलरचा पंप जळालेला. चालू कूलर एकच, कौसल्याबाईचा.

"माझ्या कूलरात ते मेलेलं नको टाकू वं! गिऱ्हाईक पळून जाईन!" कौसल्याबाई ओरडली. पण पंखा बंद करून बाजूची जाळी तिनंच काढली. मोती दिसला तर आपल्याला दिसावा.

झाकण पुन्हा घट्ट झालं आणि मी शिंपल्यांसकट टाकीत गेलो. नुसता पंपाचा आवाज.

बाहेर काढून वायर जोडली, तर माझा आकडा आणि थर्मामीटरचा आकडा एकच निघाला. देवरावनं पुन्हा बुडवायला लावलं. पुन्हा तोच.

दीप्ती बाकड्यावर बसली. "म्हणजे समुद्रच तापला होता," ती हळूच म्हणाली.

आता मी धुऊनपुसून फळीवर आहे. झाकणाला नवीन रबर बसलं आहे, पुन्हा खाली जायचं आहे. मागणं एकच. परत आलो की आधी माझं ऐका, मग धुवा.

त्या दिवशी कौसल्याबाईनं मला टाकीतून काढून तिच्या टॉवेलानं पुसलं. शिंपल्यांच्या फटीत एकदा बोट घालून पाहिलं. मग माझ्याकडेच बघत म्हणाली,

"खरंच बोलत होता गा तू. तुले काय गरज पडली होती खोटं बोलाची?"