आकड्याचा जन्मदाखला

वार्षिक अहवाल विभागात एक जुनी रीत होती. अहवालात छापला जाणारा प्रत्येक आकडा कुठून आला, कोणत्या तारखेला, कुणी काढून दिला, हे एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहायचं आणि खाली अहवाल विभागातल्या माणसाने सही करायची. त्या चिठ्ठीला सगळे जन्मदाखला म्हणत. ही रीत कुणी सुरू केली ते आता कुणालाच सांगता आलं नसतं, पण दाखला नसलेला आकडा छपाईला जात नसे, मग तो खुद्द अध्यक्षांच्या पत्रातला का असेना. टेलिफोनच्या एवढ्या मोठ्या कंपनीत बाकी सगळं संगणकात गेलं होतं. हजेरी, रजा, बदल्या, अगदी पाण्याच्या बाटल्यांची मागणीसुद्धा. पिवळ्या चिठ्ठ्या तेवढ्या वाचल्या होत्या, कारण त्या कुणाच्या लक्षातच आल्या नव्हत्या.

यंदा अहवालात एकशे त्र्याऐंशी आकडे होते आणि ते सगळे तिच्या गळ्यात पडले होते. ती बाळंतपणाची रजा संपवून दोन महिन्यांपूर्वी परत आली, तेव्हा तिच्या टेबलावर दुसऱ्याचाच प्रिंटर बसलेला होता. तिचा नवा करार अहवाल छापून होईपर्यंतचा. "पुढचं अहवालानंतर बघू," विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या होत्या. त्या 'बघू'चा अर्थ ती दोन महिने लावत होती. सकाळी दात घासताना तो चांगला लागायचा, दुपारनंतर वाईट.

गुरुवारी सकाळपर्यंत एकशे ब्याऐंशी दाखले झाले. उरला एक. नेमका पहिल्या पानावरचा, तळहाताएवढ्या अक्षरांत: 'प्रलंबित तक्रारींत ६२ टक्के घट'. खाली एका मोबाइलमध्ये डोकावून हसणाऱ्या कुटुंबाचा फोटो. कंपनीच्या डिजिटल रूपांतराचा हा तुरा होता. पूर्वी तक्रारी घ्यायला तिसऱ्या मजल्यावर एक अख्खं दालन होतं, माणसांनी भरलेलं. आता ते काम 'सहायक' करायचा. सहायक म्हणजे एक प्रणाली, तिला आवाज होता आणि तिला रजा लागत नव्हती.

आकडा आला होता डिजिटल विभागाच्या प्रमुखांकडून. त्यांना पाठीमागे सगळे 'ढगवाले' म्हणत, कारण काहीही मागितलं की ते म्हणायचे, "ते क्लाउडवर आहे." आकडा त्यांनी लगेच पाठवला होता. दाखला मात्र आठवडाभर येतच होता.

"पाचला फाइल छापखान्यात जाते," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या मागे लाग. पाणी पिऊ देऊ नकोस त्याला."

ती मागे लागणारच होती, पण आधी अकरा वाजले.

अकरा आणि तीन या तिच्या घरी फोन करायच्या वेळा. घरी सासूबाई आणि आठ महिन्यांची पिटुकली. सासूबाईंच्या कानात यंत्र होतं आणि मोबाइल कानाला लावला की ते शिट्टी मारायचं, म्हणून घरातला जुना, जड, तारेचा फोन अजून पॅसेजमधल्या स्टुलावर होता. त्याची घंटा जिन्यापर्यंत ऐकू जायची. तिने फोन करायचा, सासूबाईंनी चार घंटांच्या आत उचलायचा आणि "आहोत" म्हणायचं, एवढाच ठराव. नवरा या ठरावाला 'हजेरीपट' म्हणायचा. त्याला हसायला काय जातंय, असं तिला वाटायचं. तो दिवसभर प्रयोगशाळेत, मोबाइल कपाटात कुलूपबंद.

बुधवारी संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या होत्या की फोन मुका झालाय. तिने तिथल्या तिथे ॲपवर तक्रार टाकली, खाली स्वतःचा मोबाइल नंबरही दिला. आणि गुरुवारी सकाळी बसमधून उतरताना ॲपवर हिरवी खूण आली: 'आपली तक्रार सोडवली आहे. धन्यवाद!' एका रात्रीत. तिला कंपनीबद्दल चक्क बरं वाटलं.

म्हणून अकराला तिने नंबर फिरवला तेव्हा मनात काही नव्हतं. घंटा वाजू लागली. चार झाल्या. सात. बारा. कट.

पुन्हा. पुन्हा कट.

घाबरल्यावर काही लोकांचं डोकं बंद पडतं. तिचं फार व्यवस्थित चालायला लागायचं, हीच अडचण होती. न्हाणीघराची फरशी ओली असेल. सासूबाई पडल्या असतील. त्या पडल्या तर पिटुकली कुठे? पाळण्यात असेल तर ठीक. सतरंजीवर असेल तर ती आता रांगते. सतरंजीपासून स्टुलापर्यंत सहा हात. स्टुलाखाली फोनची तार. तार ती तोंडात घालणारच. आणि स्वयंपाकघराचं दार लागत नाही, हे नवऱ्याला तीन आठवडे सांगून झालं होतं.

दहाव्या वेळी कट झाल्यावर तिने पर्स उचलली. मॅडमच्या केबिनमध्ये डोकावून "घरी जाऊन येते" एवढंच म्हणाली. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि परत घड्याळाकडे.

बसला वीस मिनिटं लागली. दोन जिने ती कशी चढली ते तिला नंतर आठवलं नाही.

दार सासूबाईंनीच उघडलं. कडेवर पिटुकली, तिच्या दोन्ही गालांना कुस्करलेलं केळं.

"अगंबाई! काढून टाकलं की काय तुला?"

"आई, फोन का नाही उचललात?"

"कुठला फोन?"

"अकराला. दहा वेळा केला."

"वाजला तर उचलीन ना. तो कालपासून मौनात बसलाय."

तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला. काहीच नव्हतं. साधी खरखरसुद्धा नाही.

"पण तिकडे वाजत होता," ती म्हणाली.

"तिकडे वाजत असेल. मी इकडे असते." सासूबाईंनी तिला नीट न्याहाळलं. "तुला वाटलं आम्ही दोघी गेलो."

"काहीतरीच काय, आई!"

"आरशात बघ, कपाळावर लिहिलंय. पाणी घटाघटा पिऊ नकोस, घाम आलाय, बस आधी."

ती बसली. पिटुकलीला मांडीवर घेऊन तिने तिच्या पायांची दहाही बोटं मोजल्यासारखी हातात घेतली आणि सोडली. तेवढ्यावर तिचं समाधान झालं. मग ती पुन्हा निघाली, कारण पाच वाजायचे काही थांबणार नव्हते.

कोपऱ्यावर रस्त्याकडेच्या हिरव्या पेटीचं दार उघडं होतं आणि आत अर्धा शिरून एक लाइनमन तारा वेगळ्या करत होता. पाठीवर कंपनीचं नाव, विटलेलं.

"काका, इथला एक फोन बंद आहे. तक्रार केली होती."

"नंबर?" त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला, वरून खाली पाहिला. "नाही माझ्याकडे."

"सोडवली म्हणून आलंय."

"मग कसा असेल? सुटलेल्या तक्रारीचा कागद मला येत नाही."

"पण कुणी आलंच नाही दुरुस्तीला!"

"ताई, मी आलो असतो तर मला कळलं असतं." तो हसला. "पूर्वी शंभर कागद यायचे, आता चाळीससुद्धा नाहीत. बायको म्हणते, तुमचं काम हलकं झालं. मी म्हटलं, काम तेवढंच आहे, कागद हलका झालाय."

"मी फोन केला तर वाजतो मात्र."

"तुमच्या कानात वाजते ती घंटा एक्स्चेंज वाजवतं. तार तुटलेली असली तरी वाजवतं. घरात वाजतेच असं नाही."

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही तिने पाहिलं नाही.

ढगवाल्यांचा दाखला अडीचला तिच्या टेबलावर येऊन पडला. टंकलेला, सोबत एक तक्ता टाचलेला. वर्षभरात बंद झालेल्या तक्रारी, बंद होण्याच्या कारणासकट. 'दुरुस्ती झाली.' 'ग्राहकाने होकार दिला.' आणि तिसरं कारण, 'आक्षेप नाही'. या तिसऱ्या रकान्यात शंभरातल्या एकेचाळीस तक्रारी होत्या.

तिने ॲपवर आपली तक्रार उघडली आणि बोट खाली सरकवत नेलं. अगदी तळाला, करड्या बारीक अक्षरांत: 'नोंदणीकृत क्रमांकावर ३ वेळा संपर्क. आक्षेप नाही.' नोंदणीकृत क्रमांक म्हणजे पॅसेजमधल्या स्टुलावरचा.

तक्त्याच्या तळाशी काढलेली घट आणि पहिल्या पानावरचा आकडा तंतोतंत जुळत होते. सही करायला हरकत नव्हती. जन्मदाखल्यावर मूल कुणाचं ते लिहितात, ते धडधाकट आहे की नाही हे कुणी विचारत नाही. तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. मग चिठ्ठी आणि तक्ता उचलून मॅडमच्या केबिनमध्ये गेली. ढगवाले तिथेच बसले होते, लॅपटॉप मांडीवर.

"झाली सही?" मॅडमनी विचारलं.

तिने सगळं सांगितलं. सांगताना वाक्यं जरा पुढेमागे झाली, पण झालं सांगून.

"आम्ही तीनदा संधी देतो," ढगवाले म्हणाले. आवाज शांत, समजावणीचा. "तिन्ही वेळा कुणी काही बोललं नाही, तर आक्षेप नाही असं धरतो. दुसरं काय धरायचं?"

"पण त्याच नंबरवर, सर?"

"नोंदणीकृत तोच असतो."

"तो बंद आहे हीच तर तक्रार आहे."

"मोबाइल नंबर द्यायचा की मग."

"दिला होता. सहायकाने त्याच्याकडे पाहिलंच नाही."

"ते पुढच्या टप्प्यात घेतलंय. क्लाउडवर आराखडा आहे, पाठवतो."

भिंतीवरचं घड्याळ तीनला आलं होतं.

"मॅडम, मी एक फोन करू? माझी तीनची वेळ आहे."

टेबलावरच्या फोनचा स्पीकर लावून तिने घरचा नंबर फिरवला. घंटा वाजू लागली. स्वच्छ, खणखणीत, केबिनभर.

"कुणी घरी नसेल," आठव्या घंटेला ढगवाले म्हणाले.

"दोघी आहेत. एकीला दात येतायत."

बारा घंटांनंतर फोन कट झाला.

"आता तुमच्या सहायकाने काय लिहिलं असतं?" मॅडमनी विचारलं.

"एकाच कॉलवर काही नाही लिहीत तो. तीन लागतात."

"मग कर गं अजून दोनदा."

तिने केला. ढगवाल्यांनी मध्येच लॅपटॉपचं झाकण खाली घेतलं. तिसऱ्यांदा कट झाल्यावरही मॅडम त्यांच्याकडे बघतच राहिल्या, तेव्हा ते पुटपुटले, "आक्षेप नाही."

मॅडमनी पिवळी चिठ्ठी पुढे ओढली. "अध्यक्षांनी हा आकडा भाषणात घेतलाय."

"माहीत आहे."

"तुझ्या कराराची फाइल याच आठवड्यात वर जातेय. तेही माहीत आहे?"

"हो. पण मॅडम, ही सही मी नाही करत."

"तू नाही केलीस तर मला करावी लागेल."

"हो, मॅडम."

मॅडमनी पेन उघडलं. चिठ्ठीवर टेकवलंही. एक निळा ठिपका उमटला. मग त्यांनी पेन ठेवून फोन उचलला आणि मांडणी करणाऱ्याचा नंबर लावला. "पहिल्या पानावरचं ते मोठं काढून टाक... हो, सगळं. काय घालू म्हणजे? फोटो मोठा कर." रिसीव्हर ठेवून त्या ढगवाल्यांना म्हणाल्या, "अध्यक्षांशी मी बोलते. शिव्या मलाच खायच्यात, तुम्ही चहा घेऊन जा."

ढगवाल्यांनी चहा घेतला नाही. दाराशी थांबून ते एवढंच म्हणाले, "आकडा क्लाउडवर राहीलच."

अहवाल एकशे ब्याऐंशी आकड्यांचा छापला गेला. पहिल्या पानावरचं कुटुंब इतकं मोठं झालं की वडिलांची एक दाढ दिसायला लागली. अध्यक्षांनी भाषणात त्या जागी ग्राहकांच्या विश्वासाबद्दल दोन वाक्यं म्हटली आणि टाळ्या पडल्या. डिजिटल विभागाने बैठक घेतली, त्यानंतर सहायक तीनऐवजी पाच वेळा फोन करू लागला. त्याच बंद नंबरवर. त्या वर्षीचं रूपांतर तेवढं झालं.

तिचा करार सहा महिन्यांनी वाढला, पण अहवाल विभागात नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या दालनात तिला एक टेबल मिळालं. 'आक्षेप नाही'च्या रकान्यातले पत्ते काढायचे, भागवार कागद करायचे आणि लाइनमनना द्यायचे. "पुढचं सहा महिन्यांनी बघू," मॅडम म्हणाल्या. या वेळी तिने त्या शब्दाचा अर्थ लावला नाही, निदान सकाळी तरी नाही.

पहिला कागद तिने स्वतःच्याच भागाचा काढला. त्यात स्वतःचा नंबर पहिला टाकावा की नाही यावर तिने बराच विचार केला, आणि सातवा टाकला.

शनिवारी लाइनमन येऊन गेला. सोमवारी अकराला तिने नंबर फिरवला. घंटा वाजू लागली, आणि आता तिला ठाऊक होतं की ही घंटा घरातलीच असेल असं नाही. एक. दोन. तीन. चार.

पाचव्याला पलीकडून धप्पकन काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग पिटुकलीचं भोकाड, मग सासूबाई.

"आहोत," त्या म्हणाल्या. "रिसीव्हर पाडला तिने, लागलं नाही काही. काम कर तू."