काचेवरचा आकडा

लॉइसने पांढऱ्या बूटपॉलिशची बाटली दोनदा हलवली, स्पंज गाडीच्या मागच्या काचेवर टेकवला आणि वीतभर उंचीचा एकचा आकडा काढला.

"तेरा पंधरा," तिच्या खांद्यामागून मर्ल म्हणाला.

"लिहितेय."

"तीन वाकडा आलाय."

"दिसतोय ना तुला? मग झालं तर."

मर्लला दिसत होता, कारण त्याचं नाक जवळजवळ काचेला लागलं होतं. गेली काही वर्षं त्याला कुठल्याही गोष्टीचा मधला भाग पुसल्यासारखा दिसे आणि कडा तेवढ्या शाबूत राहत. डॉक्टरने डोळ्याच्या पडद्याच्या त्या दुखण्याचं लांबलचक नाव सांगितलं होतं, ते त्याने दवाखान्याच्या पायरीवरच विसरून टाकलं. लायसन्स गेलं तेव्हा मात्र तो आठवडाभर गॅरेजमधून बाहेर आला नव्हता. आठव्या दिवशी आला तो किल्ली घेऊनच, आणि ती त्याने लॉइसच्या बशीशेजारी ठेवली. गाडी बंद पडून राहण्यापेक्षा तू चालव, असं काहीसं पुटपुटला. साठीच्या बाईने शर्यतीत उतरायचं हे ऐकून लॉइस आधी हसली आणि मग तिने चहा संपवून किल्ली उचलली.

आता तीन मोसम झाले होते. ऑक्टोबरातली शेवटची शर्यत होती, मक्याची शेतं कापून झाली होती आणि ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना इंडियाना पार क्षितिजापर्यंत उघडीबोडकी पडली होती.

या ट्रॅकवर नुसतं जोरात जाणाऱ्याला कोणी विचारत नाही. आपली गाडी पाव मैल किती सेकंदांत जाईल ते आधी काचेवर लिहायचं. ज्याची गाडी हळू, त्याला तेवढ्या फरकाने आधी सोडतात, म्हणजे दोघांनी आपापला शब्द पाळला तर शेवटच्या रेषेवर दोघं बरोबरच पोचायला हवेत. जो आधी पोचेल तो जिंकला. पण स्वतःच्या आकड्यापेक्षा केसभरही लवकर पोचलात, तर बाद. बोललात एक आणि केलंत दुसरंच, असा त्याचा अर्थ.

मर्ल इथे आयुष्यभर हरला तो या एका नियमापायी. आकडा लिहायचा आणि हिरवा दिवा लागला की विसरून जायचा. लॉइसचं तसं नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पोरांच्या ताटात एकाच मापाने बटाटा वाढलेला हात तिचा. तिने तेरा पंधरा, म्हणजे तेरा सेकंद आणि पंधरा शतांश, लिहिलं की गाडी तेरा सोळाला पोचे, फार तर सतराला. मित्रमंडळी मर्लला चिडवत की गाडीचं इंजिन तू बदललंस, पण अक्कल बायकोने घातली. मर्ललाही त्यात कमीपणा वाटत नसे. कंपूत बसला की तोच हे सगळ्यांना दोनदा ऐकवी.

गाडी प्लिमथ डस्टर, सत्तर सालची. कंपनीने घरगुती, बाजारहाटाला न्यायच्या गाडीचा पाठीमागचा भाग उतरता केला, अंगावर धुळीच्या वावटळीचं चित्र चिकटवलं आणि किंमत अशी ठेवली की कारखान्यातल्या पोरांनाही हप्त्यावर घेता यावी. मर्ल तेव्हा काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता. त्याने ती चार वर्षं वापरलेली घेतली, एका पाद्र्याकडून. पाद्र्याने ती इतकी जपून चालवली होती की मर्लला तिची कीव आली. पहिल्याच हिवाळ्यात त्याने भंगारातल्या एका ठोकलेल्या गाडीतून मोठं इंजिन काढून आणलं. ते जुन्या जागेवर जणू तिथेच जन्मल्यासारखं बसलं. या गाडीची खरी मोहिनी हीच होती. भाऊबंद गाड्यांचा कुठलाही भाग हिला चाले, त्यामुळे गरिबाच्या हातांनाही सतत काहीतरी करायला राही. कार्बोरेटर बदलला, मग दट्ट्ये, मग मागचा आस. लॉइसने तीन पोरं वाढवली तेवढ्या वर्षांत मर्लने ही एक वाढवली, आणि पोरं निदान घर सोडून तरी गेली.

एवढं करून गाडी तेराच्या आत कधी गेली नाही. तेरा शून्य चार, तेरा शून्य दोन, एकदा तर तेरा शून्य एक. बाराने सुरू होणारा आकडा मर्लला आयुष्यात एकदा बघायचा होता. हल्ली तो हे बोलत नसे. टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडावी ते, लावायचं तर फिरत्या चाकावर दिवा धरून एक बारीकशी खूण बघावी लागते, आणि ती खूण आता त्याला दिसत नव्हती. लॉइसने एकदा मी बघून सांगते म्हटलं, तेव्हा त्याने ते हसण्यावारी नेलं होतं.

लॉइसला मात्र जॅकेट हवं होतं. मोसमाच्या विजेत्याला क्लब काळं सॅटिनचं जॅकेट देई, छातीवर नाव शिवलेलं. शाळेतल्या तिच्या एप्रनवर तीस वर्षं नुसतं "किचन" लिहिलेलं होतं. गेल्या वर्षी अंतिम फेरीत ती थोडक्यात हरली आणि घरी आल्यावर तिने स्वयंपाकघराच्या दारामागची खुंटी मोकळी करून ठेवली. तिथल्या छत्र्या कुठे गेल्या ते मर्लने विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

या वर्षी ती परत अंतिम फेरीत आली होती. समोर डग विल्हेल्म होता, नळाची कामं करणारा, पिवळ्या कॅमेरोवाला. तो चालत आला तो हातात पोर्क सँडविच घेऊनच.

"लॉइस, जॅकेट मोठ्या मापाचं मागवलंय मी," तो म्हणाला. "माझ्या मापाचं. तू आत अजून दोन स्वेटर घाल."

"तुझ्या बायकोला सांग, बाह्या आखूड करून ठेव म्हणावं. मला लांब होतील."

डग खूश होऊन हसला आणि सँडविचमधला मोहरीचा सॉस अंगावर सांडून घेतला. मर्लही हसला, पण जरा उशिरा. लॉइसच्या ते ध्यानात आलं.

दोन्ही गाड्या रांगेत लागल्या. क्लबचा माणूस येऊन काचेवरचे आकडे वहीत उतरवून वर वेळ मोजणाऱ्यांच्या मनोऱ्यात कळवून गेला. या घटकेनंतर आकडा बदलता येत नाही आणि सगळे बॉनेट उघडून इंजिन गार करत उभे राहतात. सूर्य कलला होता आणि हवेत चांगलाच गारवा आला होता. गार हवेत इंजिनाला तरतरी येते, म्हणून लॉइसने एरवीपेक्षा थोडा खालचाच आकडा लिहिला होता. हेल्मेट सामानात राहिलं होतं, ते आणायला ती गेली. वाटेत दोघीतिघींनी थांबवलं, कुणी पाठ थोपटली, कुणी भोपळ्याच्या केकचा तुकडा हातात दिला, तो तिने उभ्याउभ्या खाल्ला.

परत आली तेव्हा बॉनेट बंद होतं आणि मर्ल खिशात हात घालून उभा होता.

मर्ल खिशात हात घालून उभा राहणारा माणूस नव्हता. लॉइसने हेल्मेट टपावर ठेवलं. त्याच्या उजव्या मनगटावर, बाहीच्या काठाला, भाजल्याचा लाल चट्टा उठला होता. इंजिनाच्या पार मागे, गरम नळ्यांच्या आड हात घातला तरच तिथे भाजतं, आणि तिथे एकच गोष्ट असते. ती फिरवली की ठिणगी जरा आधी पडते आणि गाडी अंगात आल्यासारखी पळते. आकडा लिहिल्यावर बॉनेटखाली हात घालायचा नाही, असं तिने पहिल्याच मोसमात त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, आणि त्याने ते तीन वर्षं पाळलं होतं.

ती आत बसली, पट्टे आवळले, गाडी सुरू केली. रोजचा घोगरा आवाज थोडा टणक झाला होता. खूण न बघता, नुसत्या कानाने लावलेलं टायमिंग.

तिला राग आला. खरा राग. दारामागची मोकळी खुंटी डोळ्यांपुढे आली. मग पुढच्या काचेतून मर्ल दिसला. तो गाडीकडे तोंड करून उभा होता, पण मान जराशी तिरकी. हल्ली काही नीट बघायचं असलं की तो अशी मान वळवी, म्हणजे निदान कडेने तरी दिसावं. त्याने बोटं जुळवून ती बॉनेटवर ठेवली आणि इंजिनाची थरथर हाताने घेत राहिला. पोरं तापाने फणफणली की असाच कपाळावर हात ठेवून बसे.

पुढच्या गटातल्या गाड्या निघाल्या. मर्ल एकदम हालला आणि तिच्या खिडकीशी आला. काच अर्धी उघडी होती. त्याने वाकून तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"लॉइस, ऐक, मी काय केलं—"

लॉइसने हँडल फिरवून काच वर केली. पुढे बोट दाखवलं, जणू काही वेळच नाही, आणि गाडी रेषेकडे नेली. आरशात तो तसाच वाकलेला दिसला, लहान होत गेलेला.

सुटण्याच्या खांबावरचे दिवे एकेक करत खाली उतरत आले. तिच्या बाजूचा हिरवा आधी लागला.

गाडीने तिला सीटमध्ये असं रेटलं की श्वास अडकला. गिअरच्या पहिल्याच बदलात तिला कळलं, ही तेरा पंधराची गाडी नव्हे. डगची पिवळी गाडी मागून निघाली असेल, आता ती आरशात वाढत यायला हवी होती, दरवेळी येते तशी. ती वाढतच नव्हती. मागे, बरीच मागे एक पिवळा ठिपका होता. अर्ध्या अंतराच्या पुढे आल्यावर लॉइसला सगळं हिशेबासारखं स्पष्ट दिसलं. पाय उचलायचा, थोडासाच, शेवटच्या खांबाशी. गाडी आकड्यावर येईल, डग मागेच राहील आणि जॅकेट तिचं नाव शिवायला जाईल. तीस वर्षं माप राखलेल्या बाईला एवढं माप कठीण नव्हतं.

शेवटचा खांब आला. तिचा पाय जिथे होता तिथेच राहिला.

लाउडस्पीकर खरखरला, डगचं नाव घेतलं आणि मग काहीतरी "लवकर, फार लवकर" असं. बाकीचं वाऱ्याने नेलं. परतीच्या वाटेवर टपरीतल्या पोरीने तिच्या हातात वेळेची चिठ्ठी दिली आणि वाईट वाटलं म्हणाली. लॉइसने चिठ्ठी वाचली, घडी घालून छातीच्या खिशात ठेवली. थोडं रडू आलं, ते तिने हेल्मेटच्या आतच आवरलं. जॅकेटचं वाईट वाटायचं ते वाटलंच.

मर्ल त्यांच्या जागेवर पाने पेटीत भरत होता. एकेक पाना पुसत होता, स्वच्छ असलेलाही. गाडी थांबली तरी त्याने मान वर केली नाही.

"माझ्यामुळे," तो म्हणाला. "लवकर म्हणाले ना. मी हात घातला होता."

"माहितीय."

"आवाजावरून?"

"मनगटावरून."

तो पेटीकडेच बघत राहिला. लॉइसने खिशातून चिठ्ठी काढून पुढे केली. ती त्याने उजेडाकडे धरली, डोळ्याजवळ नेली, तिरकी केली, आणि परत दिली. अक्षर बारीक होतं. काय आलं ते विचारायचं धाडस त्याला होईना.

लॉइसने बाही तळव्यात धरून मागच्या काचेवरचा तेरा पंधरा पुसून टाकला. पॉलिशची बाटली दोनदा हलवली आणि लिहायला लागली. या वेळी वीतभर नव्हे, अख्ख्या काचेएवढं. मर्ल उठून आला. आधी त्याने मान तिरकी केली, मग जवळ आला, मग आणखी जवळ, टोपीचं टोक काचेला लागेपर्यंत. बोटाने त्याने एक गिरवला, मग त्याच्या शेजारचा दोन. दोनवर बोट थांबलं. त्या पुढचे नऊ आणि सात त्याने नुसते बघितले, बराच वेळ.

डग जॅकेट खांद्यावर टाकून मिरवत येत होता. त्याने काच बघितली, मर्लला बघितलं, जॅकेट काढून हातावर घेतलं आणि आल्या पावली परत गेला.

"मी तुला सांगायलाच आलो होतो," मर्ल म्हणाला. "शेवटी पाय उचल म्हणून. सहज जिंकली असतीस. तू काच वर केलीस."

"थंडी वाजत होती."

मर्लने तिच्याकडे तोंड वळवलं. तिचं तोंड त्याला पुसटच दिसत असणार, पण केस घामाने कपाळाला चिकटलेले होते, आणि ते कडेला होते म्हणून दिसले. खिशातून रुमाल काढून त्याने तिच्या हातात दिला आणि परत काचेकडे वळला.

"सात वाकडा आलाय," तो म्हणाला.

"येऊ दे," लॉइस म्हणाली आणि बाटलीला बूच लावलं. "टायमिंगचा दिवा आहे ना अजून? घरी गेलो की खूण दाखव मला, कुठे असते ती."